नात्सुमे सोसेकी यांच्या कादंबऱ्या कशा वाचाव्यात
जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी (१८६७–१९१६) यांच्या वाचनाची सुरुवात प्रकाशनक्रमाने न करता ‘कोकोरो’ या १९१४ च्या कादंबरीने करावी. तिचा तिसरा भाग म्हणजे ‘सेन्सेई’ (जपानीत ‘गुरुजी’) या मुख्य पात्राचे एक दीर्घ पत्र असून, ते हाती घेण्यापूर्वी १९१२ मधील सम्राट मेइजी यांचा मृत्यू आणि त्यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी सेनापती नोगी यांनी केलेली आत्महत्या हे संदर्भ समजून घ्यावेत, कारण त्यांच्यावाचून सेन्सेईचा निर्णय निव्वळ खासगी वाटतो. त्यानंतर ‘सान्शिरो’ घ्यावी. १९०७ मध्ये विद्यापीठातील अध्यापन सोडून सोसेकी आसाही वृत्तपत्रात रुजू झाले आणि ही कादंबरी तेथेच क्रमशः छापली गेली; म्हणून ती रोज थोडीथोडीच वाचावी, असा माझा आग्रह आहे. आत्मचरित्रात्मक ‘मिचिकुसा’ आणि त्यांच्या मृत्यूमुळे अपूर्ण राहिलेली ‘मेइआन’ शेवटी वाचाव्यात.