हौशी रॉक बँडचा सराव: आवाज वाढवण्याआधी या चुका टाळा

हौशी रॉक बँडमध्ये भांडणाची पहिली ठिणगी पडते ती बहुतेक वेळा आवाजावरून. ‘मला माझंच वाजवलेलं ऐकू येत नाही’ असं कोणीतरी म्हणतं आणि नॉब फिरवतं. मग बेसवाला वाढवतो, ड्रमर आणखी जोरात मारतो आणि तासाभरात गायकाचा घसा बसतो. लहान गावात तर सराव एखाद्याच्या घरातल्या रिकाम्या खोलीत चालतो आणि भाड्याच्या साउंड सिस्टिमवरचा माणूस एरवी भाषणांचे माइक सांभाळणारा असतो. त्यामुळे निम्मं काम बँडलाच करावं लागतं. मी बरीच वर्षं अशाच बँडमध्ये बेस वाजवला आहे आणि माझं ठाम मत आहे, की यातल्या बहुतेक तक्रारी नवं सामान न घेता मिटतात.

अ‍ॅम्प गुडघ्यांना गाणं ऐकवतोय

लहान खोलीत गिटारचा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, जमिनीवर असतो आणि वाजवणारा त्याच्या पुढ्यातच उभा असतो. स्पीकरमधून वरच्या पट्टीतले स्वर (ट्रेबल) सरळ रेषेत बाहेर पडतात, म्हणजे ते त्याच्या गुडघ्यांवर आदळतात. त्याला आवाज बोथट वाटतो, म्हणून तो ट्रेबल वाढवतो, व्हॉल्यूमही वाढवतो. समोर चार पावलांवर बसलेल्याचे कान मात्र किटतात. आमच्या गिटारवाल्याचा अ‍ॅम्प आम्ही एका लाकडी खुर्चीवर ठेवला आणि थोडा मागे कलता करून त्याच्या कानांकडे वळवला. दुसऱ्या गाण्याला त्याने आपणहून आवाज उतरवला. कोणी सांगावं लागलं नाही.

घरी एकट्याने बसवलेला टोन ही दुसरी अडचण. मिड (मधले स्वर) पार खाली, बेस (खालचे स्वर) आणि ट्रेबल वर, असा आवाज एकटा ऐकायला भरदार लागतो. बँडमध्ये खाली बेस गिटार आणि किक ड्रम, वर झांजा. गिटारला जागा उरते ती मधलीच, आणि तीच आपण कापलेली असते. बेस गिटारची सगळ्यात खालची तार साधारण 41 हर्ट्झला वाजते, गिटारची 82 ला. तेव्हा गिटारवरचा बेस कमी करा, मिड वाढवा, डिस्टॉर्शन (आवाजाची खरखर) थोडं उतरवा. नुसता व्हॉल्यूम वाढवण्यापेक्षा हे फार लवकर लागू पडतं.

पातळी ठरवण्याचा क्रमही बहुतेक जण उलटा धरतात. ड्रमला नॉब नसतो, म्हणून तिथून सुरुवात करा. मग गायकाचा माइक शिट्टी (फीडबॅक) न मारता जितका वर जाईल तितका न्या आणि बाकी सगळे त्याच्या खाली बसवा.

माइकची शिट्टी

मुख्य स्पीकरच्या पुढे गायकाला कधीच उभं करू नका. शूर एसएम58 सारखा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक बरोबर मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, त्याच्या शेपटीच्या दिशेला हवा. सुपरकार्डिऑइड (समोरचं आणखी अरुंद पट्ट्यात ऐकणारा) माइक असेल तर मॉनिटर थोडा बाजूला सरकवा, कारण त्याची बहिरी जागा मागे तिरपी असते. आणि जाळी मुठीत धरायची सवय मोडा. दिसायला छान वाटतं, पण त्याने माइकच्या मागची छिद्रं झाकली जातात, तो सगळीकडचं ऐकू लागतो आणि शिट्टी हमखास येते.

‘हम्म’ घालवायला अर्थिंग तोडणं

स्पीकरमधली ‘हम्म’ अशी गुणगुण थांबावी म्हणून काही जण प्लगचं अर्थिंगच तोडतात. ही चूक जिवावर बेतते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या. यातलं एक अर्थिंग तुटलेलं असेल आणि बिघाड झाला, तर हात तारांवर आणि ओठ माइकवर असताना विजेचा प्रवाह शरीरातून जातो. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे 1972 साली स्वानसीच्या मंचावर असाच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मरण पावला. प्लगची तिसरी पिन काढायची नाही, तिच्यावर टेप लावायची नाही. सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून घ्या. तरी गुणगुण राहिली तर डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणारी छोटी डबी, वापरा. त्याचं ग्राउंड लिफ्ट बटण फक्त सिग्नलच्या केबलचं ग्राउंड तोडतं, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं. गाण्याआधी मल्टिमीटरने गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यातला व्होल्टेज बघा. काही व्होल्ट जरी दिसले तरी इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वाजवू नका, मग समोर कितीही लोक बसलेले असोत.

सरावातल्या बाकी गोष्टी

गाणं पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून वाजवत बसू नका. गडबड होते ती बहुधा कडवं संपून धृपद सुरू होताना. तेवढेच चार बार, आधी संथ लयीत, मग मूळ लयीत घ्या. ड्रमर रोल मारताना पळतो का, हे मेट्रोनोम लावला की लगेच कळतं. फोनवर रेकॉर्ड करताना तो खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवा, जवळ ठेवला तर सगळं फाटतं. नव्या तारा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चढवा, हाताने ओढून ताणून घ्या आणि सूर नेहमी खालून वर आणत लावा.

आणि कान जपा. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेच्या निकषानुसार 85 डेसिबलमध्ये 8 तास चालतात. पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. बंद खोलीत ड्रम सहज तिथे पोचतात. कापसाच्या बोळ्यांनी फारसं काही अडत नाही, वादकांसाठी बनवलेले इअरप्लग घ्या. सरावानंतर कानात येणारा नाद दुसऱ्या दिवशीही राहिला, तर पुढचा सराव रद्द करा आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवा.