ईसीजी एक सांगतो, इको दुसरंच: या चुका टाळा

ईसीजीवर मशीनने ‘जुना हार्ट अटॅक’ छापलंय आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पुढची भिंत झकास हलतेय. इकोवाल्याला फोन लावण्याआधी छातीवरचे व्ही१, व्ही२ हे लीड (ईसीजीच्या वायरींची टोकं) कुठे चिकटवले होते ते बघा. घाईत ते बरगड्यांमधल्या दुसऱ्या फटीत जातात, आर (ठोक्याची वर जाणारी लाट) खुजा होतो आणि मशीन अटॅक छापून मोकळं. गळ्याच्या खळगीतून बोट खाली सरकवा. आडवा उंचवटा लागतो, त्याला दुसरी बरगडी जोडलेली असते. तिच्याखालची फट दुसरी. तिथून आणखी दोन फटी खाली, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही कडांना लीड लावा आणि ईसीजी पुन्हा काढा.

व्ही१मधला एस (आरनंतरची खाली जाणारी लाट) अधिक व्ही५ किंवा व्ही६मधला आर ३५ मिमी भरला की ‘डावा कप्पा जाड’, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड, असं लिहिलं जातं. ईसीजीच्या पट्टीवरची मापाची चौकोनी खूण १० मिमी उंच असेल तरच हा आकडा लागू. ५ मिमी असेल तर ईसीजी अर्ध्या मापावर निघालाय. शिवाय सडपातळ तरुणात ही बेरीज उगाच वाढते आणि लठ्ठ माणसात जाडी लपते. म्हणून बीपीच्या पेशंटचा ईसीजी नॉर्मल आला, तरी जाडी नाहीच असं धरू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक याच्या उलट आहे. इकोत भिंत १५ मिमी जाड, पण ईसीजीत हातापायांच्या सगळ्या लीडमध्ये क्यूआरएस (ठोक्याची मुख्य, टोकदार लाट) ५ मिमीच्या आत. इथे सर्रास ‘बीपीमुळे’ लिहून फाइल मिटते. बीपीने स्नायू वाढला असता तर ईसीजीची उंची सहसा घटली नसती. भिंत जाड, ईसीजी बुटका, म्हणजे भिंतीत अमायलॉइड प्रथिन साचलंय का, हे तपासायलाच हवं. हृदयाभोवती पाणी असलं तरीही उंची घटते, पण ते इकोत लगेच दिसतं.

व्ही४ ते व्ही६मध्ये टी (क्यूआरएसनंतरची लाट) खोल उलटे आणि इको ‘नॉर्मल’? हृदयाचं टोक नीट दिसलं होतं का, विचारा. प्रोब (छातीवर ठेवायचं इकोचं यंत्र) तिरका पडला की टोक कापलं जातं आणि तिथलीच जाडी सुटते. गरज पडल्यास कॉन्ट्रास्ट (कप्पा उठून दिसावा म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन पुन्हा बघावं.

लेफ्ट बंडल ब्लॉकमध्ये (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विजेच्या वाटेत अडथळा) दोन कप्प्यांमधला पडदा वेडावाकडा हलतो; तेवढ्यावरून अटॅक ठरवू नका, तो आकुंचनात जाड होतो का ते पाहा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (ठोके अनियमित पडतात तो आजार) एका ठोक्यावरून ईएफ (दर ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर टाकतो) नको, निदान पाच ठोक्यांची सरासरी घ्या.

छातीत दुखतंय आणि ईसीजीत एसटी (क्यूआरएस आणि टी यांच्यामधला भाग) वर गेलाय, तर इकोच्या रांगेत पेशंट बसवू नका. थेट कॅथलॅब (अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टीची खोली) असलेलं हॉस्पिटल गाठा. आणि दुखणं थांबल्यावर काढलेला नॉर्मल इको ‘ब्लॉकेज नाही’ असं सांगत नाही.