पाचारण की आपलीच इच्छा? सेवेत उतरण्याआधी या चुका टाळा

पाळक (चर्चचे धर्मगुरू) म्हणून पूर्णवेळ सेवेत येऊ पाहणाऱ्यांच्या मुलाखती घेणाऱ्या समितीवर मी बरीच वर्षं बसतो आहे. या सेवेसाठी देवाकडून येणाऱ्या बोलावण्याला आम्ही पाचारण म्हणतो. दरवर्षी नवे चेहरे येतात आणि त्याच चार-पाच चुका करतात. त्यातली एक मला फार छळते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आपल्या इच्छेवर देवाची सही करणं

"प्रभूने मला सांगितलं." हे वाक्य आलं की सगळी खोली गप्प होते. शंका काढली तर आपणच देवाच्या आड येतोय असं वाटायला लागतं. मीही एकदा असाच गप्प बसलो होतो आणि ते मला आजही बोचतं.

तिशीच्या आतला तरुण होता. साक्ष, म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं याची कहाणी, अशी की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. नोकरीचा राजीनामा देऊनच आला होता. बायको शेजारी बसली होती. तिला कोणीतरी विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं? "राजीनामा दिल्यावर," ती म्हणाली आणि खाली बघत राहिली. आम्ही तिथेच थांबायला हवं होतं. पण आम्ही प्रार्थना केली आणि शिफारसपत्रावर सह्या केल्या. दुसरी सही माझी होती.

दोन वर्षांत त्याने सुरू केलेली मंडळी (स्थानिक चर्च) विस्कटली आणि डोक्यावर कर्ज उरलं. कर्ज हळूहळू फिटलं. पण त्याने प्रार्थना करणं सोडलं होतं, ते तसंच राहिलं. त्याच्या लेखी देवानेच बोलावलं आणि देवानेच अर्ध्या वाटेवर टाकून दिलं. पुष्कळ काळाने तो माझ्याशी मोकळा बोलला. आवाज, दर्शन असं काही झालंच नव्हतं. लहानपणापासून पाळकांना संदेश (प्रवचन) देताना पाहिलं होतं आणि आपणही तसं व्हावं असं त्याला मनापासून वाटायचं. पण "मला हे हवंय" असं मंडळीत सरळ म्हणता येत नाही अशी त्याची समजूत होती. म्हणून त्याने ते देवाच्या नावावर घातलं.

खरं तर शास्त्र तसं म्हणू देतं. अध्यक्षाचं, म्हणजे मंडळीची देखरेख करण्याचं, काम करू पाहणारा चांगल्या कामाची आकांक्षा धरतो, असं प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो (१ तीमथ्य ३:१). इच्छा असण्यात पाप नाही. त्यापुढे जी यादी येते ती मात्र नीट वाचा: घर चांगलं चालवणारा, पैशाचा लोभ नसणारा, नवशिका नसलेला, बाहेरच्यांमध्ये नाव चांगलं असलेला. यातलं बहुतेक काही उमेदवाराच्या तोंडून ठरत नाही. ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी सांगायचं असतं.

आता मी उमेदवाराला दहा मिनिटं "देव म्हणाला" हे शब्द न वापरता बोलायला सांगतो. काय हवंय, कधीपासून, कशामुळे? सगळेच आधी अडखळतात. ज्याच्या मनात खरंच काही खोल चाललेलं असतं, तो थोड्या वेळाने बोलू लागतो. जोडीदाराशी मी वेगळा बोलतो. तिकडून मनापासून होकार आला नाही तर मी सही करत नाही.

थांबायला तयार नसणं

"वर्षभर थांबा" म्हटलं की बहुतेकांचा चेहरा पडतो आणि लगेच पौलाचा दाखला येतो. तो दिमिष्कातल्या सभास्थानांत लगेच बोलू लागला हे खरं आहे. पण मग तो अरबस्तानात गेला, तीन वर्षांनी यरुशलेमेस गेला, तिथून तार्सास परतला. बर्णबा या सहकाऱ्याने त्याला शोधून अंत्युखिया शहरातल्या मंडळीत आणलं आणि तिथे दोघांनी वर्षभर शिकवलं. त्यानंतर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात पवित्र आत्मा बोलला, तो उपास करत बसलेल्या त्या मंडळीत बोलला. तिथे पाच जणांची नावं दिली आहेत. प्रत्यक्ष प्रभूने ज्याला वाटेत गाठलं, त्यालाही शेवटी भावांनीच हात ठेवून पाठवलं.

दाविदाचं तर मी प्रत्येकाला वाचायला लावतो. संदेष्टा शमुवेलाने पुढचा राजा म्हणून त्याच्यावर तेल ओतल्यावर काही काळाने राजा शौलाचा दाविदाच्या बापाला निरोप येतो की, मेंढरांजवळ असलेला तुझा मुलगा दावीद माझ्याकडे पाठव. म्हणजे अभिषेक झालेला मुलगा परत मेंढरांकडेच गेला होता. राजा झाला तेव्हा तो ३० वर्षांचा होता.

उमेदवाराला मी एक वर्ष फक्त आजाऱ्यांना भेटण्याचं काम देतो, संदेश एकही नाही. कंटाळा आल्यावर माणूस काय करतो ते मला पाहायचं असतं. पाळकपदाची दीक्षा होण्याआधीच नावापुढे "पास्टर" लावून फिरणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. त्यांना कोणीच थांबवलेलं नसतं.

शिबिराच्या शेवटच्या रात्री निर्णय घेणं

गाणी, अश्रू, पुढे येण्याचं आवाहन. त्या रात्रीचं सगळं खोटं असतं असं मी म्हणत नाही, पण निर्णय त्या रात्री घेऊ नका. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नाटियस लोयोला, पुढे कॅथलिक संत झालेला सैनिक, अंथरुणाला खिळून होता. शौर्य गाजवण्याची स्वप्नं त्याला तासन्‌तास गोड वाटत, पण ती सरली की मन कोरडं पडे. संतांसारखं जगण्याचा विचार मात्र मनातून गेल्यावरही आनंद ठेवून जाई. तो माझ्या परंपरेतला नाही, तरी त्याचं हे निरीक्षण मी रोज वापरतो. वहीत तारीख घाला, काय वाटलं ते लिहा आणि तीच इच्छा एखाद्या कंटाळवाण्या गुरुवारी कशी वाटते तेही लिहा.

आणखी काही

दार उघडलं म्हणजे देवाची इच्छा, असं नसतं. देवापासून पळणाऱ्या योनालाही बंदरात तार्शीशला जाणारं जहाज तयार मिळालं होतं.

चांगलं बोलता येणं हे दान आहे. त्याचं पाचारण झालंच पाहिजे असं नाही.

अनोळखी वक्त्याने तुमच्याबद्दल भविष्यवाणी केली असेल, तर ती तुम्हाला ओळखणाऱ्या मंडळीतल्या वडीलजनांपुढे ठेवा.

नोकरीत जमलं नाही म्हणून सेवा, हे तर नकोच.

हेतू पूर्ण शुद्ध होईपर्यंत वाट पाहणं

ही उलटी चूक आहे आणि ती प्रामाणिक माणसंच करतात. माझ्यात अहंकार आहे, म्हणून मी लायक नाही, असं म्हणत ती वर्षानुवर्षं मागे राहतात. चौथ्या शतकात नाझियान्झसचा ग्रेगरी दीक्षा मिळताच पळून गेला होता. पुढे परत आला आणि का पळालो हेही त्याने सांगितलं. संपूर्ण निर्मळ हेतू घेऊन आलेला एकही उमेदवार मी पाहिलेला नाही. आपल्या हेतूबद्दल कोणी तोंडावर विचारलं तर तुम्ही ऐकून घेता का, तेवढं बघा.

आणि उडी आधीच मारली असेल तर?

नोकरीवर परत जा. मंडळीला सांगा की माझा समज चुकला. देव चुकला असं म्हणू नका. पौल व बर्णबा यांच्या सेवाप्रवासातला सोबती योहान मार्क पिर्गा शहराहून मागे फिरला, आणि त्याच्यावरून पुढे त्या दोघांत इतका तीव्र मतभेद झाला की ते वेगळे झाले. तोच पौल शेवटच्या पत्रात लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. त्या तरुणाला मी हे वचन वाचून दाखवलं, तेव्हा त्याने माझ्या हातातून बायबल घेतलं आणि ती ओळ स्वतः पुन्हा वाचली.