कारच्या ब्लोअरचा जळालेला फ्यूज कसा तपासावा आणि कसा बदलावा

पावसाळ्यात घाट चढत असताना समोरच्या काचेवर आतून वाफ धरते आणि नेमक्या त्याच वेळी ब्लोअर, म्हणजे गाडीच्या आत हवा सोडणारा पंखा, बंद पडला, तर प्रश्न केवळ उकाड्याचा राहत नाही, समोरचा रस्ताच दिसेनासा होतो. म्हणून या बिघाडाची पहिली तपासणी प्रत्येक चालकाला स्वतः करता आली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

फ्यूजकडे वळण्यापूर्वी लक्षण नीट पाहावे. ब्लोअर सर्वांत जास्त वेगावर चालतो, पण कमी वेगांवर चालत नाही, अशी स्थिती असेल तर फ्यूज शाबूत आहे आणि दोष बहुधा रेझिस्टरमध्ये, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी करणाऱ्या भागात आहे. कोणत्याच वेगावर हवा येत नसेल आणि मोटरचा आवाजही येत नसेल, तेव्हाच फ्यूजचा संशय घ्यावा.

बहुतेक गाड्यांत फ्यूजच्या दोन पेट्या असतात, एक डॅशबोर्डच्या खाली आणि दुसरी बोनेटखाली बॅटरीच्या आसपास. ब्लोअरचा फ्यूज यांपैकी कोणत्या पेटीत आहे हे मॉडेलनुसार बदलते, त्यामुळे गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका किंवा पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा तक्ता पाहावा. तेथे ‘ब्लोअर’ किंवा ‘हीटर’ असा उल्लेख असतो. बोनेटखालच्या पेटीत नुसते ‘फॅन’ लिहिलेले असेल, तर तो रेडिएटरच्या पंख्याचा फ्यूज असू शकतो. या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

इग्निशन बंद करून किल्ली काढावी आणि पेटीतच ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या चिमट्याने फ्यूज सरळ वर ओढावा. पेटीत चिमटा नसेल तर पातळ टोकाची पक्कड चालते, मात्र फ्यूज हलवत, वाकवत काढू नये, कारण त्यामुळे खालच्या खाचेची पकड सैल होते. काढलेला फ्यूज उजेडात धरला की दोन पात्यांना जोडणारी तार दिसते. ती तुटलेली असेल तर फ्यूज गेला आहे. काही वेळा तार इतकी बारीक तडकलेली असते की डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड असल्यास आवाज देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही पात्यांना टोके लावावीत. आवाज आला नाही तर फ्यूज निकामी आहे.

टेस्ट लॅम्प (टोकदार दांडी आणि वायरला चिमटा असलेला तपासणीचा दिवा) असेल तर फ्यूज न काढताही तपासणी होते, आणि मला हीच पद्धत अधिक उपयोगी वाटते. लॅम्पचा चिमटा गाडीच्या उघड्या धातूला लावावा, इग्निशन आणि ब्लोअर चालू करावा आणि फ्यूजच्या माथ्यावरील दोन बारीक उघड्या बिंदूंना लॅम्पचे टोक आळीपाळीने टेकवावे. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला आहे. एकाच बाजूस लागला तर फ्यूज जळाला आहे. कोणत्याच बाजूस लागला नाही तर वीज फ्यूजपर्यंतच पोहोचत नाही, म्हणजे दोष रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) किंवा त्याच्या आधीच्या वायरिंगमध्ये शोधावा लागेल.

नवा फ्यूज त्याच आकाराचा आणि त्याच अँपिअरचा असावा. नेहमीच्या पात्याच्या फ्यूजमध्ये निळा 15, पिवळा 20, पारदर्शक 25 आणि हिरवा 30 अँपिअरचा असतो. तरीही रंगावर विसंबून न राहता माथ्यावरचा आकडा वाचावा आणि तो झाकणावरील तक्त्याशी जुळवून पाहावा, कारण आधीच कोणीतरी चुकीचा फ्यूज बसवलेला असू शकतो. फ्यूज हा मुख्यतः वायरच्या रक्षणासाठी असतो. 20 अँपिअरच्या जागी 30 अँपिअरचा फ्यूज बसवला, तर वायर तापून तिचे आवरण वितळेपर्यंत तो तग धरू शकतो. तांब्याची तार किंवा चंदेरी कागद गुंडाळून वेळ मारून नेण्याची सवय तर गाडीला आग लावू शकते. ती कृपया सोडून द्यावी.

नवा फ्यूज बसवताना ब्लोअरचे बटण बंद ठेवावे आणि मग इग्निशन चालू करावे. ब्लोअर बंद असतानाच फ्यूज उडाला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. उंदरांनी वायर कुरतडणे हे त्याचे आपल्याकडील नेहमीचे कारण आहे. ब्लोअर सुरू करताच उडाला, तर मोटर अडकलेली असण्याची शक्यता अधिक. काही मिनिटे चालून मग उडाला, तर मोटर जड फिरत असून जास्त वीज ओढते आहे, असे समजावे. बहुतेक गाड्यांत ही मोटर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असते. इग्निशन बंद ठेवून पंखा हाताने फिरवून पाहावा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्यात पानांचा कचरा साचलेला आढळतो. दुसरा फ्यूजही उडाला तर तिसरा न बसवता गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवावी.

फ्यूज टिकला तर ब्लोअर दहा मिनिटे पूर्ण वेगाने चालवावा, मग इग्निशन बंद करून फ्यूजची जागा पाहावी. तेथील प्लॅस्टिक तपकिरी पडलेले किंवा वितळलेले असेल तर खाच सैल झाली आहे, आणि ती बदलून घेतल्याखेरीज नवा फ्यूजही फार काळ टिकणार नाही.