सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्रीत पीएचडी करायची असेल तर

बडोद्यात केमिस्ट्री घेतली की घरच्यांना रिफायनरी, जीएसएफसी, अलेम्बिक अशा इथल्या कंपन्या दिसू लागतात. मी सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्रीत, म्हणजे रेणू एकमेकांना पक्क्या बंधाशिवाय कसे धरतात या विषयात, पीएचडी करणार म्हटल्यावर दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पहिला प्रश्न आला, "यातून नोकरी मिळते का गं?" मिळते. पाण्यात न विरघळणाऱ्या औषधाचं काय करायचं, ही औषध कंपन्यांची नेहमीची अडचण. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या ७ ग्लुकोजच्या कड्यात औषधाचा रेणू बसवणं किंवा को-क्रिस्टल (औषध आणि दुसरा रेणू यांचा एकत्र स्फटिक) करणं, ही याच विषयाची कामं आहेत. १९६७ साली क्राउन ईथर, म्हणजे धातूच्या आयनला धरणारे कड्यासारखे रेणू, जगापुढे आणणारे चार्ल्स पेडरसन तर ड्यूपाँट कंपनीतलेच केमिस्ट, पीएचडी न केलेले. १९८७ मध्ये क्रॅम आणि लेन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

एमएस्सीला आपण शिकतो की १८-क्राउन-६ पोटॅशियमला धरतो आणि १५-क्राउन-५ सोडियमला. आकार जुळला की झालं, असं वाटतं. पण मेथॅनॉलमध्ये मोजलं तर सोडियमलाही १५-क्राउन-५ पेक्षा १८-क्राउन-६ च जास्त घट्ट धरतो! कोण कोणाला धरतं हे चित्र काढून ठरत नाही, मोजूनच ठरतं. माझ्या मते या विषयाचा जीव तिथेच आहे.

नवीन मुलंमुली सगळी ताकद सिंथेसिसवर घालवतात आणि मोजमाप शेवटच्या महिन्यांवर ढकलतात. तसं करू नका. एनएमआर टायट्रेशनसाठी (धरणाऱ्या रेणूच्या, म्हणजे होस्टच्या, द्रावणात धरला जाणारा रेणू, म्हणजे गेस्ट, थोडाथोडा घालत एनएमआर यंत्रावर बदल मोजणं) गेस्टचं द्रावण होस्टच्याच द्रावणात करा, म्हणजे गेस्ट घालत गेलात तरी होस्टचं कॉन्सन्ट्रेशन तेवढंच राहतं. त्याआधी नुसता होस्ट डायल्यूट करून पाहा. त्याचे रेणू आपापसांतच चिकटत असतील, तर शिफ्टमधला (एनएमआरमधल्या पीकच्या जागेतला) सगळा बदल गेस्टच्या नावावर टाकता येत नाही.

सॉल्व्हंटकडे तर फारच लक्ष द्या. क्लोरोफॉर्ममध्ये घट्ट वाटणारी हायड्रोजन बंधाची जोडी डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये सैल पडते, कारण होस्टच्या एनएच गटाला डीएमएसओ स्वतःच धरून बसतो. म्हणून सॉल्व्हंट आणि तापमान लिहिल्याशिवाय बाइंडिंग कॉन्स्टंटला (पकड किती घट्ट आहे, त्या आकड्याला) अर्थ नाही. डीएमएसओ हवेतलं पाणीही ओढतो. बडोद्याच्या पावसाळ्यात बाटली उघडी ठेवलीत तर पाण्याचा पीक लगेच वाढलेला दिसेल.

जॉब प्लॉटचं (होस्ट आणि गेस्टचं प्रमाण बदलत काढलेल्या आलेखाचं) टोक ०.५ वर आलं म्हणून १:१ (एका होस्टला एक गेस्ट) असं लिहून मोकळे होऊ नका. डेटा १:१ आणि १:२ अशा दोन्ही मॉडेलमध्ये फिट करा आणि रेसिड्युअल (मोजलेल्या आणि मॉडेलच्या आकड्यांतला फरक) बघा. ते इकडेतिकडे विखुरलेले हवेत. लाटेसारखे वरखाली जात असतील तर मॉडेल बसलेलं नाही.

नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा झालेली असेल तर फेलोशिपची काळजी मिटते आणि लॅब निवडायला मोकळीक मिळते. गुजरातमध्येच राहायचं असेल तर भावनगरच्या सीएसएमसीआरआय या संशोधन संस्थेकडेही बघा, तिथे आयन ओळखणाऱ्या रेणूंवर चांगलं काम झालं आहे. कुठेही गेलात तरी एनएमआरचा वेळ किती मिळतो, आयटीसी (रेणू एकमेकांना धरताना होणारा उष्णतेचा बदल मोजणारं यंत्र) जवळ आहे की सॅम्पल बाहेर पाठवावं लागतं, हे आधी विचारा. तिथल्या सीनियरला एखाद्या टायट्रेशनचा कच्चा डेटा दाखवायला सांगा. त्याने तो आनंदाने उघडून दाखवला, तर अर्ज भरा.