गड्ड्याच्या दिवसांत कर्सिव्ह: आधी काय तयार ठेवावं

जानेवारी उजाडला की सोलापुरात मुलांचं चित्त गड्ड्याकडे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेकडे लागतं. होम मैदानावर पाळणे उभे राहतात, घरोघरी तीळ भाजायला लागतात. दुसरी-तिसरीतल्या मुलांना कर्सिव्हची, म्हणजे इंग्रजी अक्षरं जोडून लिहिण्याची गोडी लावायला मला हेच दिवस बरे वाटतात, कारण लिहायचे शब्द आधीच त्यांच्या तोंडात असतात. तयारी मात्र संक्रांतीच्या दहा-बारा दिवस आधी करून ठेवायला हवी.

सगळ्यांत आधी शब्द निवडा. ए-बी-सी-डीच्या क्रमाने जाऊ नका. मी पूर्वी तसंच शिकवायचे. दुसऱ्याच दिवशी बी आला की हात अडखळायचे, आणि एक मुलगी तर वही मिटून गप्प बसली ती बसलीच. तेव्हापासून अक्षरं हाताच्या वळणाप्रमाणे घेते. पहिला शब्द ‘तिल’: टी, आय, एल. तिन्ही अक्षरं खालच्या रेघेवरून वर चढतात आणि परत खाली येऊन पुढच्याला जोडली जातात. टीची आडवी रेघ आणि आयचं टिंब शब्द पुरा झाल्यावर द्यायचं, मध्ये हात उचलायचा नाही. मोडी लिहिणारेही आधी पानभर रेघ ओढून घेत आणि मग शक्यतो हात न उचलता लिहीत. घरात पणजोबांचा एखादा मोडी कागद असेल तर तो मुलांना जरूर दाखवा.

दुसरा शब्द ‘गड्डा’. जी, ए, डी, डी, ए. पाचही अक्षरांची सुरुवात सीसारख्या गोलाईने होते. ती एक गोलाई हातात बसली की अख्खा शब्द बसतो. आपल्या यात्रेचं नाव इतकं सोपं निघावं, याचा मला दरवर्षी नव्याने आनंद होतो. मग दोन्ही वळणं एकत्र येतात ती ‘तिलगुल’मध्ये. ‘हुरडा’ त्यानंतर, कारण त्यातला आर चिमुकल्या हातांना जड जातो. ‘बोर’ अगदी शेवटी ठेवा. बोरन्हाणाची बोरं मुलांची लाडकी, पण बी आणि ओ पुढच्या अक्षराला खालून नाही, वरूनच जोडले जातात. आतापर्यंत लागलेली सवय तिथे बदलावी लागते. कॅपिटल अक्षरं सध्या नकोत, स्वतःच्या नावाचं पहिलं तेवढं पुरे.

वही चार रेघांचीच, आणि रेघांमध्ये ऐसपैस जागा असलेली. पेन्सिल एचबी चालते, पण दाबून लिहायला त्रास होणाऱ्या मुलाला टूबी द्या. खोडरबर दप्तरातच राहू दे. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे जायचं, म्हणजे आधीचं आणि नंतरचं अक्षर शेजारी शेजारी दिसतं. पेन्सिल धरायला शिकवताना मी रांगोळीची चिमूट आठवायला सांगते. फक्त खालून मधल्या बोटाचा आधार द्यायचा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. डावखुऱ्या मुलाला डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याचं कोपर लागत नाही, आणि त्याच्या वहीचा वरचा भाग उजवीकडे कलता ठेवा. त्याला उजव्या हातात पेन्सिल घ्यायला अजिबात लावू नका.

वही उघडण्याआधी परात लागते. तीत ज्वारीचं पीठ पातळ पसरायचं आणि बोटाने अक्षर गिरवायचं, जुन्या धुळाक्षरांसारखं. चुकलं की परात हलवली, पुन्हा कोरी. पीठ भाकरीच्या डब्यातलं नको, वाटीभर वेगळं काढून ठेवा. पिठात हात वळला की वहीत पहिली ओळ नंदीध्वजांची, म्हणजे यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्यांची: ७ नंदीध्वज म्हणून ७ एल, सगळे वरच्या रेघेला टेकलेले, सगळे एकाच बाजूला झुकलेले. मुलं स्वतःच मोजतात आणि बुटका राहिलेला एल स्वतःच ओळखतात.

सराव सकाळी, १० मिनिटं, त्याहून जास्त नाही. नंदीध्वजांच्या काठ्या शहरातल्या ६८ लिंगांना निघतात त्या दिवशी आणि सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडतात त्या दिवशी वही उघडूच नका.

शेवटी तिळगुळाच्या पुड्यांचे कागद. हातभर कागद आधीच चौकोनी कापून त्यावर पेन्सिलीने दोन फिकट रेघा मारून ठेवा. मुलाने त्यावर ‘तिलगुल’ लिहायचं आणि खाली ज्याला द्यायचा त्याचं नाव. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. आजीला ज्या नावाने हाक मारतात तेच नाव पुडीवर येऊ द्या. आधी लिहायचं, मग घडी घालून तीळ भरायचे. भरलेल्या पुडीवर लिहायला गेलं तर पेन्सिल कागदातून आरपार जाते आणि तीळ सतरंजीभर होतात.