पीएमआर की स्पोर्ट्स मेडिसिन? सोलापुरातल्या ज्युनिअर्ससाठी

नीट-पीजीचा निकाल लागला की ज्युनिअर्स विचारतात, "मॅडम, पीएमआर घेऊ की स्पोर्ट्स मेडिसिन?" पीएमआर म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, पुनर्वसनाची शाखा. दोन्हीकडे स्नायू, सांधे आणि नसांचं काम, दोन्हीकडे मोठी शस्त्रक्रिया नाही, म्हणून गोंधळ होतो. मी मुंबईत पीएमआर केलं आणि सोलापुरात प्रॅक्टिस करते. माझं मत सरळ आहे: खेळाचं वेड पक्कं नसेल तर पीएमआर घ्या. पक्कं असेल तर स्पोर्ट्स मेडिसिनच घ्या, पण मग सोलापुरात राहण्याचा हट्ट धरू नका.

माझ्या ओपीडीत लकव्याचे पेशंट सगळ्यात जास्त. हातापायांतली ताकद परत येण्याचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत होतो, आणि नेमका हाच काळ अनेक घरांत नुसत्या मालिशीत जातो. मणका मोडलेल्या तरुण पोराचं ऑपरेशन छान झालेलं असतं, पण पुढे काय? दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोर. लघवीची पिशवी कायम ठेवायची, की ठरावीक वेळी नळी घालून मूत्राशय रिकामं करायला त्यालाच शिकवायचं? घराचा उंबरा उंच, संडास उकिडवं बसायचा. हे सगळं आमचं काम. "हा चालेल का हो?" असं आई विचारते, तेव्हा खरं उत्तर देणं हे एमडीच्या तीन वर्षांत शिकलेलं सगळ्यात अवघड काम आहे. इथे यश सावकाश येतं. कित्येक महिन्यांनी कुणी स्वतःच्या हाताने भाकरी मोडून खातं, आणि मला त्यासारखं समाधान दुसऱ्या कशात मिळत नाही.

खेळाडूला मात्र शनिवारची मॅच खेळायची असते. डोक्याला मार लागून गरगरणारा कबड्डीपटू त्या दिवशी परत मैदानात उतरणार नाही, हे प्रशिक्षकाला तोंडावर सांगायची हिंमत लागते.

एका गुडघ्यावरून फरक सांगते. आयुष्यभर मांडी घालून विड्या वळलेल्या बाईच्या सुजलेल्या गुडघ्यात मी स्टिरॉइडचं इंजेक्शन देते, तेव्हा मुख्यतः तिची शुगर आणि जंतुसंसर्ग नाही ना, एवढं बघते. तेच इंजेक्शन पैलवानाला स्पर्धेच्या तोंडावर दिलं, तर तो उत्तेजक चाचणीत अडकू शकतो. वाडा (WADA) या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमानुसार २०२२ पासून स्पर्धाकाळात या स्टिरॉइडचं कुठलंही इंजेक्शन, अगदी सांध्यातलंही, निषिद्ध आहे. वजन उतरवायला घेतलेली लघवीची गोळी तर स्पर्धा असो-नसो, बंदच. उपचारासाठी खरंच गरज असेल तर वैद्यकीय सवलतीचा रीतसर अर्ज करावा लागतो. हे नियम, सरावाचं वेळापत्रक, संघ व्यवस्थापनाचा दबाव यात रमणार असाल, तरच ती शाखा तुमची.

यूट्यूबवरचे सल्ले बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे पीएमआरची रेसिडेन्सी करून वर एक वर्षाची स्पोर्ट्स फेलोशिप करता येते. आपल्याकडे दोन्ही एमडी वेगळ्या, त्यामुळे प्रवेशाच्या काउन्सेलिंगलाच ठरवावं लागतं, आणि स्पोर्ट्सच्या जागा पीएमआरपेक्षाही फार कमी. पीएमआर केलेल्याला खेळाडूंचे स्नायू-सांधे पुढेही बघता येतात. उलट दिशेने, मणक्याच्या पेशंटकडे वळणं कठीण. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला तुटलेला लिगामेंट, दुर्बिणीतून बसवायची हौस असेल, तर दोन्ही सोडून ऑर्थो करा.

सोलापुरात नुसत्या खेळाडूंवर ओपीडी चालत नाही. संघांच्या नोकऱ्या मोठ्या शहरांत. पीएमआरलाही सुरुवातीला कस लागतो, कारण लोक आपल्याला फिजिओथेरपिस्ट समजतात. ऑर्थो आणि न्यूरोच्या डॉक्टरांना स्वतः भेटून सांगावं लागतं की बोटॉक्सने आखडलेला हात सैल करता येतो, ईएमजी, म्हणजे स्नायू-नसांची विद्युत तपासणी, करता येते, कापलेल्या पायाला कुठला कृत्रिम पाय बसेल ते आपण ठरवतो. काम दिसलं की पेशंट येतात.

सीट लॉक करण्याआधी तिथल्या रेसिडेंटला फोन करा. विभागाला स्वतःचा वॉर्ड आहे का, की दिवसभर फक्त दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं? कृत्रिम अवयवांची कार्यशाळा आहे का? ईएमजी मशीनवर रेसिडेंटला हात लावू देतात का? १९५५ पासून चालत आलेली हाजी अलीची केंद्रीय पुनर्वसन संस्था इंटर्नशिपमध्येच एकदा बघून या, म्हणजे फोनवर काय विचारायचं ते कळेल.